सीएचमॉड ७७७ दिल्यावरही ४०३ येतो तेव्हा

तुझा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे वाचणाऱ्या इतरांनाही कळेल. वडोदऱ्याच्या मकरपुरा जीआयडीसी या औद्योगिक वसाहतीतल्या कारखान्याचा सर्व्हर, त्यावर अल्मा लिनक्स ९. जुनी डिस्क भरली म्हणून उत्तरायण (संक्रांत) आणि दुसऱ्या दिवशीच्या वासी उत्तरायणाच्या सुटीत, कारखाना बंद असताना, नवी डिस्क लावली आणि ती /डेटा वर माउंट केली. ड्रॉइंगचं पोर्टल आणि लोकांच्या होम डिरेक्टऱ्या (प्रत्येकाचं स्वतःचं फोल्डर) ‘आरसिंक -ए’ या कॉपीच्या आज्ञेने तिकडे हलवल्या, ॲपाची या वेब सर्व्हरच्या कॉन्फिगमध्ये मार्ग बदलला. आता पोर्टल उघडलं की ४०३, म्हणजे ‘प्रवेश नाही’. मालकी ॲपाचीच्या नावे करून झाली, अख्ख्या /डेटा ला सीएचमॉडने ७७७ (कोणालाही वाचा-लिहा-चालवा) देऊन झालं, तरी तेच. शिवाय रात्रीच्या बॅकअपचं किल्लीवर चालणारं एसएसएच लॉगिनही त्याच दिवसापासून पासवर्ड मागतंय. ‘सेटएनफोर्स ०’ करून एसई-लिनक्स या लिनक्समधल्या जादा सुरक्षा पहाऱ्याची सक्ती तात्पुरती उठवली की पोर्टल चालतं, बॅकअप मात्र तरीही नाही. आणि आता ऑफिसातले म्हणतायत, एसई-लिनक्स कायमचं बंद करून टाक.

बंद करू नकोस. कारण शेवटी सांगतो. त्याआधी तुझ्या वर्णनातलं एक वाक्य फार कामाचं आहे: सेटएनफोर्स केल्यावर पोर्टल चाललं, बॅकअप नाही. म्हणजे दोन वेगळे आजार आहेत आणि दुसरा तू ७७७ देऊन स्वतःच लावून घेतला आहेस. त्याच्याकडे नंतर येऊ.

लिनक्समध्ये फाइल उघडताना दोन वेळा विचारणा होते. आधी नेहमीचे मालक, गट, वाचा-लिहा-चालवा हे अधिकार. ते पार झाले तरच एसई-लिनक्स विचारतं: ही प्रक्रिया कोणत्या प्रकारची, ही फाइल कोणत्या प्रकारची, आणि पहिलीने दुसरीला हात लावावा असा नियम आहे का? ॲपाची एचटीटीपीडी_टी या प्रकारात चालतो. वेबसाइटच्या फाइलींचा प्रकार एचटीटीपीडी_सिस_कंटेंट_टी असेल तर वाचायला मुभा. प्रकार वेगळा असेल तर नाही, मग फाइल ७७७ असो की तिचा मालक स्वतः ॲपाची असो. नवरात्रात गरब्याच्या मोठ्या मैदानावर कसं, अंगात कितीही झोकदार केडियू (गरब्याचा घेरदार अंगरखा) असलं तरी दारावरचा माणूस पासाचा रंग बघतो; खेळणाऱ्याचा पास नसेल तर आत रिंगणात सोडत नाही. सीएचमॉड म्हणजे केडियू बदलणं.

हा पास, म्हणजे लेबल, फाइलीच्या नावात किंवा मार्गात नसतो. तो त्या फाइलीच्या आयनोडला (डिस्कवरच्या तिच्या नोंदीला) जोडलेल्या ‘सिक्युरिटी.एसईलिनक्स’ नावाच्या जादा गुणधर्मात लिहिलेला असतो. कोणत्या मार्गावरच्या फाइलीला कोणतं लेबल असायला हवं याची यादी मात्र वेगळी, /इटीसी/एसईलिनक्स/टार्गेटेड/कॉन्टेक्स्ट्स/फाइल्स या डिरेक्टरीत असते. कर्नल यादी बघत नाही, फक्त लेबल बघतं. यादी एक सांगते आणि प्रत्यक्ष लेबल दुसरंच असतं, तेव्हा फाइल ‘चुकीच्या लेबलाची’. माझ्यासमोर आलेल्या तक्रारींपैकी बहुतेक याच प्रकारच्या निघतात. धोरणातच, म्हणजे एसई-लिनक्सच्या नियमांतच, खोट आहे असं क्वचित.

म्हणून माझा पहिला प्रश्न ‘कसं दुरुस्त करू’ हा नसतो, ‘हे लेबल बिघडलं कसं’ हा असतो. कसं बिघडलं ते कळलं नाही तर आज दुरुस्त होईल आणि पुढच्या डिप्लॉयमेंटला परत बिघडेल.

तुझ्या बाबतीत काय झालं ते जवळजवळ नक्की सांगता येतं. नव्याने फॉरमॅट केलेल्या डिस्कच्या मूळ डिरेक्टरीला कोणतंच लेबल नसतं. कर्नल तिला अनलेबल्ड_टी धरतं. नवी फाइल तयार होताना, वेगळा खास नियम नसेल तर, ज्या डिरेक्टरीत ती तयार होते तिचाच प्रकार घेते. आणि ‘आरसिंक -ए’ मध्ये ए असला तरी जादा गुणधर्म त्यात येत नाहीत, त्यासाठी मोठा एक्स वेगळा द्यावा लागतो. म्हणजे जुन्या डिस्कवरची लेबलं जुन्याच डिस्कवर राहिली आणि नव्या डिस्कवरचं सगळं, पोर्टल काय, होम काय, अनलेबल्ड_टी झालं.

खात्री करून घे. ‘एलएस -एल’ ला मोठा झेड जोडला की लेबल दिसतं. फक्त शेवटची फाइल बघू नकोस, वाटेतली प्रत्येक डिरेक्टरी बघ: /डेटा, मग /डेटा/पोर्टल, मग आतली फाइल. आत जायला प्रत्येक पायरीवर ‘सर्च’ची परवानगी लागते. ॲपाचीच्या एरर लॉगमध्ये तुला ‘एएच०००३५’ असा क्रमांक आणि मार्गातल्या कुठल्यातरी भागावर सर्चची परवानगी नाही असा मजकूर दिसत असणार. तो वाचून सगळे सीएचमॉडकडेच धावतात, कारण ॲपाचीला नकार नेमका कोणी दिला हे त्याला स्वतःलाच ठाऊक नसतं. त्याला फक्त ‘परवानगी नाकारली’ एवढा १३ क्रमांकाचा एरर कळतो.

खरं कारण ऑडिट लॉगमध्ये असतं:

एयूसर्च -एम एव्हीसी -टीएस रीसेंट

हे शेवटच्या दहा मिनिटांतले नकार दाखवतं. त्या लांबलचक ओळीतल्या चारच गोष्टी वाच. महिरपी कंसात काय नाकारलं: सर्च, रीड, ओपन, राइट. एसकॉन्टेक्स्ट म्हणजे मागणारा कोण. टीकॉन्टेक्स्ट म्हणजे कशावर मागितलं. आणि टीक्लास म्हणजे ती फाइल होती, डिरेक्टरी होती की सॉकेट. कॉन्टेक्स्टमध्ये कोलनने तोडलेले भाग असतात. तिसरा, ज्याच्या शेवटी _टी असतं, तोच प्रकार. रोजच्या कामात तेवढा पुरतो.

निम्मं निदान टीकॉन्टेक्स्टमध्येच असतं. अनलेबल्ड_टी दिसलं तर नवी डिस्क, किंवा एसई-लिनक्स बंद असताना तयार झालेली फाइल. डिफॉल्ट_टी असेल तर रिस्टोअरकॉन (यादीप्रमाणे लेबलं लावणारी आज्ञा) चालवून झालं आहे, पण या मार्गासाठी यादीत नियमच नाही. यूजर_होम_टी किंवा ॲडमिन_होम_टी म्हणजे कोणीतरी आपल्या किंवा रूटच्या होममध्ये फाइल बनवली आणि ‘एमव्ही’ने (फाइल हलवणाऱ्या आज्ञेने) इकडे आणली. एमव्ही जुनं लेबल सोबत आणतं. साधं ‘सीपी’, म्हणजे कॉपी, नव्या जागेचं लेबल घेतं. ‘सीपी -ए’ पुन्हा जुनंच ठेवतं. एकाच फोल्डरमधल्या वीस फाइली दिसतात आणि एकविसावी दिसत नाही, ती बहुतेकदा अशी एमव्हीने आलेली असते. सिस्टिमडीची (सेवा सुरू करणाऱ्या प्रोग्रामची) एखादी सेवा ‘२०३/एक्झेक’ म्हणून मरते, आणि हाताने चालवली तर व्यवस्थित चालते, तिचंही तेच: बायनरी होममध्ये पडलेली, किंवा तिथून उचलून आणलेली.

आता दुरुस्ती. ‘सेमॅनेज’ने यादीत नियम लिही, मग ‘रिस्टोअरकॉन’ने यादीप्रमाणे लेबलं लाव. दोन वेगळ्या पायऱ्या आहेत आणि पहिली गाळली तर दुसरीचा उपयोग नाही. आत्ता नुसतं रिस्टोअरकॉन चालवलंस तर अनलेबल्ड_टी चं डिफॉल्ट_टी होईल, इतकंच.

आधी माउंट पॉइंट. इथे होमही आहे आणि वेबही, म्हणून मी फक्त त्या एका डिरेक्टरीला व्हार_टी देईन. ॲपाची असो की एसएसएचडी (एसएसएच लॉगिन सांभाळणारा प्रोग्राम), दोघांनाही आपल्या कामासाठी /व्हार मधून जावंच लागतं, त्यामुळे त्या प्रकारातून पुढे जायला त्यांना अडचण नाही.

सेमॅनेज एफकॉन्टेक्स्ट -ए -टी व्हार_टी "/डेटा"

मग पोर्टल आणि त्यातलं अपलोड फोल्डर:

सेमॅनेज एफकॉन्टेक्स्ट -ए -टी एचटीटीपीडी_सिस_कंटेंट_टी "/डेटा/पोर्टल(/.*)?"
सेमॅनेज एफकॉन्टेक्स्ट -ए -टी एचटीटीपीडी_सिस_आरडब्ल्यू_कंटेंट_टी "/डेटा/पोर्टल/अपलोड(/.*)?"

अवतरणचिन्हं विसरू नकोस, नाहीतर कंस आणि तारा शेलच खाऊन टाकेल. सेमॅनेजच सापडत नसेल तर ‘पॉलिसीकोअरयूटिल्स-पायथन-यूटिल्स’ हे पॅकेज घाल. अपलोडला लिहिण्याचा प्रकार हवा, बाकी पोर्टलला नको. ॲपाचीतून कोणी आत घुसलाच तर त्याला तुझ्या पीएचपी फाइली बदलता येऊ नयेत, एवढ्यासाठीच तर हे सगळं आहे. सगळ्या पोर्टलला आरडब्ल्यू देऊन मोकळे होणारे लोक मी खूप पाहिलेत. त्यांनी एसई-लिनक्स चालू ठेवून फारसं काही मिळवलेलं नसतं.

अपलोडवरच्या फाइलीला दोन्ही नियम लागू पडतात, तेव्हा कोणता जिंकला ते अंदाजाने ठरवू नकोस. ‘मॅचपाथकॉन’ला पूर्ण मार्ग दे, यादीप्रमाणे कोणतं लेबल येणार ते तो सांगेल.

होमसाठी वेगळी युक्ती. होममध्ये एकच प्रकार नसतो; .एसएसएच फोल्डरला एसएसएच_होम_टी लागतं, इतर काही फोल्डरांना आणखी वेगळं. हे सगळे नियम हाताने लिहिण्यात अर्थ नाही. ‘/डेटा/होम ला /होम सारखंच समज’ असं सांगता येतं:

सेमॅनेज एफकॉन्टेक्स्ट -ए -ई /होम /डेटा/होम

सेमॅनेजच्या मॅन पेजवर दुसऱ्या डिस्कवरच्या होमचं जवळपास असंच उदाहरण आहे. मग हीच युक्ती पोर्टलला का नाही, /व्हार/डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू सारखं समज म्हणून? करता येते. पण मग अपलोडचा खास नियम /डेटा/पोर्टल/अपलोड वर लिहायला गेलास की सेमॅनेज अडवतं, समानतेच्या नियमाशी हा भांडतो, /व्हार/डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू/अपलोड वर लिही म्हणून सांगतं. ते बरोबरच आहे, कारण शोधाआधीच मार्ग बदलला जातो. पण सहा महिन्यांनी तो नियम वाचणाऱ्याला डोकं धरून बसावं लागेल. जिथे एक-दोनच प्रकार आहेत तिथे सरळ नियम बरा.

आता लेबलं लाव. आधी कोरडा सराव:

रिस्टोअरकॉन -आरव्हीएन /डेटा

यात आर मोठा, व्ही आणि एन लहान. एन असला की काही बदलत नाही, काय बदललं असतं ते फक्त छापतं. ती यादी वाच. ठीक वाटली की एन काढून पुन्हा चालव. मग ‘सेटएनफोर्स १’ आणि पोर्टल उघडून बघ.

आता बॅकअप. तिथेही लेबल चुकलेलंच होतं, ते आता सुधारलं. पण सेटएनफोर्स ० असतानाही तो चालत नव्हता, म्हणजे एसई-लिनक्सशी संबंध नसलेला अडथळाही आहे, आणि तो तुझा ७७७. एसएसएचडीचं ‘स्ट्रिक्टमोड्स’ मुळातच चालू असतं. होम, .एसएसएच किंवा ऑथोराइज्ड कीज फाइल दुसऱ्या कोणालाही लिहिता येत असेल तर तो त्या किल्ल्या मानतच नाही. ऑडिट लॉगमध्ये याचा मागमूस मिळणार नाही, कारण नकार एसई-लिनक्सने दिलेलाच नाही. /व्हार/लॉग/सिक्युअर मध्ये मालकी किंवा अधिकार चुकीचे असल्याची ओळ मिळेल. प्रत्येकाचं होम आणि .एसएसएच ७००, आतली ऑथोराइज्ड कीज ६००, मालक ज्याचा तो. अख्ख्या /डेटा ची मालकी ॲपाचीला दिली असशील तर होमची मालकी आधी परत कर. पोर्टलसाठी ‘यू=आरडब्ल्यूएक्स, जीओ=आरएक्स’, त्यात एक्स मोठा, म्हणजे डिरेक्टऱ्यांना चालण्याचा अधिकार मिळेल, साध्या फाइलींना विनाकारण नाही. हो, पण आधीच ७७७ दिलेल्या फाइलींवर तो बिट चिकटलेला असतो आणि मोठा एक्स तो तसाच ठेवतो. म्हणून फाइलींवरून तो ‘फाइंड’ने वेगळा काढ.

आता जे करू नये त्याबद्दल. शोध घेतलास की पहिलं उत्तर मिळेल ‘ऑडिट-टू-अलाउ’. तो नकार वाचून परवानगीचं मॉड्यूल बनवून देतो. तुझ्या बाबतीत ते काय झालं असतं? एचटीटीपीडी_टी ला अनलेबल्ड_टी वाचायची मुभा. म्हणजे या मशीनवर जिथे कुठे लेबल हरवलेली फाइल असेल, आज किंवा पुढे, ती सगळी वेब सर्व्हरला खुली. तो हत्यार म्हणून वाईट नाही. दोन्ही बाजूंची लेबलं अगदी बरोबर आहेत, त्या कामासाठी बुलियन (धोरणातलं तयार चालू-बंद बटण) उपलब्ध नाही, आणि प्रोग्रामला खरोखरच काही नवं करायचं आहे, तेव्हा तो वापर. लेबल चुकलं असताना कधीही नाही. बुलियनवरून आठवलं: पोर्टल दुसऱ्या मशीनवरच्या डेटाबेसशी बोलत असेल आणि तिथे अडलं, तर ते लेबलांनी सुटणार नाही, ‘एचटीटीपीडी_कॅन_नेटवर्क_कनेक्ट_डीबी’ चालू करावा लागतो.

‘सीएचकॉन’ने थेट लेबल बदलता येतं आणि ते रीबूटनंतर जातं असं अनेक ठिकाणी लिहिलेलं असतं. जात नाही. ते डिस्कवर लिहिलेलं आहे, राहतं. पण यादीत नोंद नसल्यामुळे कोणी पुढे रिस्टोअरकॉन किंवा पूर्ण पुनर्लेबलिंग केलं की पुसलं जातं, आणि तेव्हा कोणाला आठवतही नाही. चाचणीपुरता ठीक.

रिस्टोअरकॉन चालवूनही लेबल ढिम्म हलत नाही असंही कधी होतं. पेनड्राइव्हवर व्हीफॅट फाइल सिस्टिम असेल तर तिथे लेबल साठवायला जागाच नाही; माउंट करतानाच ‘कॉन्टेक्स्ट=’ द्यावं लागतं. कंटेनर_फाइल_टी सारखे काही प्रकार ‘मुद्दाम कोणीतरी दिलेले’ मानले जातात, त्यांना रिस्टोअरकॉन हात लावत नाही. मोठा एफ द्यावा लागतो. /टीएमपी मधल्या फाइलींना यादीत लेबलच ठरवलेलं नाही, त्यामुळे त्या जशा आहेत तशाच राहतात. आणि लिंक असेल तर नियम लिंकच्या नव्हे, खऱ्या जागेच्या मार्गावर लिही.

नकार मिळतोय, सेटएनफोर्स ० ने सुटतंय, आणि लॉगमध्ये तर काहीच नाही, अशी वेळ आली तर काही नकार धोरणातच ‘नोंदवू नका’ म्हणून झाकलेले असतात हे लक्षात ठेव. ‘सेमॉड्यूल -डीबी’, दोन्ही अक्षरं मोठी, ते झाकण काढतं. काम झालं की नुसत्या मोठ्या बीने परत लाव, नाहीतर लॉग भरून जाईल.

राहिला प्रश्न बंद करण्याचा. बंद असताना तयार होणाऱ्या प्रत्येक फाइलीला लेबल लागतच नाही. म्हणजे आज एका डिस्कवर असलेली अडचण हळूहळू अख्ख्या मशीनवर पसरवायची आणि पुढे ऑडिटवाल्याने चालू करायला सांगितलं की मशीन नीट बूट होईलच असं नाही. रूटचा पासवर्ड विसरल्यावर बूट थांबवून बदलतात तेव्हा नेमकं हेच घडतं: धोरण लोड झालेलं नसताना पासवर्ड साठवणारी शॅडो फाइल नव्याने लिहिली जाते, लेबलाशिवाय, आणि मग बरोबर पासवर्ड टाकूनही लॉगिन होत नाही. म्हणून तिथे मुळाशी ‘.ऑटोरिलेबल’ ही रिकामी फाइल ठेवायची असते, म्हणजे पुढच्या बूटला सगळ्याला पुन्हा लेबल लागतं. आणि आणखी एक, अल्मा लिनक्सच्या आवृत्ती ९ मध्ये कॉन्फिग फाइलीत ‘डिसेबल्ड’ लिहून ते पूर्वीसारखं पूर्ण बंद होतही नाही; त्यासाठी कर्नलला ‘एसईलिनक्स=०’ द्यावं लागतं. तुझ्या ऑफिसातल्यांचा सल्ला जुन्या मशीनवरचा आहे. त्यांना सांग, अँड्रॉइड ५ पासून, म्हणजे २०१४ पासून, त्यांच्या खिशातल्या फोनवरही हेच एसई-लिनक्स सक्तीने चालू आहे, आणि फोनवर कोणी तक्रार करत नाही.

‘फक्त ॲपाचीपुरतं सैल करता येईल का’ असं तू विचारलं होतंस. येतं. ‘सेमॅनेज परमिसिव्ह -ए एचटीटीपीडी_टी’. बाकी मशीन सक्तीतच राहतं, ॲपाचीला काही अडवलं जात नाही, पण प्रत्येक नकार नोंदला जातो. सक्तीत असताना पहिल्याच अडथळ्याशी सगळं थांबतं आणि तेवढाच दिसतो. असं सैल केलं की पुढचेही एकदम दिसतात. पोर्टल सोमवारी सकाळी चालूच हवं असेल तर तोवर हे कर, मशीनभर सेटएनफोर्स ० पेक्षा शंभरपट बरं. दुरुस्ती झाल्यावर -ए च्या जागी -डी लावून काढून टाक.

पुढे डिस्क हलवताना आरसिंकला मोठा एक्स दे, किंवा हलवल्यावर रिस्टोअरकॉन चालव. मला दुसरं जास्त आवडतं, कारण यादी बरोबर असेल तर जुन्या मशीनवरची चुकलेली लेबलं सोबत येत नाहीत. डिप्लॉयच्या स्क्रिप्टमध्ये एमव्ही असेल तर त्याला मोठा झेड जोड, म्हणजे नव्या जागेचं लेबल लागेल. आणि ‘सेमॅनेज एफकॉन्टेक्स्ट -एल -सी’ (सी मोठा) ने तू स्वतः घातलेले नियम तेवढे दिसतात. ती यादी कागदावर नाही तर निदान बॅकअपसोबत ठेव, नवं मशीन उभं करताना लागेल.

एवढं करूनही अडलं तर तीन गोष्टी पाठव: वाटेतल्या प्रत्येक डिरेक्टरीचं मोठ्या झेडसकट एलएस, त्याच मिनिटाची एयूसर्चची पूर्ण ओळ, आणि त्या फाइलीवर मॅचपाथकॉनचं उत्तर. स्क्रीनचा फोटो नको, मजकूर कॉपी करून दे. मागच्या वेळी पाठवलेल्या फोटोत टीकॉन्टेक्स्टच कापला गेला होता.